आत्याचं रक्त आणि गॅव्हिनची टापटीप

टाउन्सव्हिल, मंगळवार

पूज्य असुंता आत्या,

दोन्ही गालांचे मुके. गुडघे काय म्हणतात? ऊसतोड सुरू झाली, म्हणजे काका घरी फक्त जेवायला आणि भांडायला येत असतील. (त्यांनाही मुके.)

मागच्या महिन्यात इंगमहून बसने येऊन तू रक्त दिलंस आणि मग चर्चभर "बादलीभर काढलं मेल्यांनी" असं सांगत सुटलीस, त्या रक्ताचं काय झालं ते ऐक. मोरीत गेलं.

ओरडू नकोस, आधी वाच. तू म्हणाली होतीस, "घरात तीन पिढ्या साखर पिकवतात आणि तू कॉलेजात जाऊन साखरच शिकतेस?" साखर नाही गं, साखर धरणारं प्रथिन. ते यकृतात तयार होतं, रक्तातून हिंडतं, जंतूंच्या अंगावरची साखर ओळखून त्यांना पकडतं आणि बाकीच्या पहारेकऱ्यांना हाक मारतं. मात्र मध्ये कॅल्शियम हवं. ते काढलं, की पकड सुटली. तुझ्या रक्तात हे प्रथिन भरपूर आहे (अख्खी गल्ली शिंकते, तू नाही), आणि महिनाअखेरपर्यंत मी ते वेगळं काढून दाखवलं नाही तर आमच्या बाई माझं काम कायमचं बंद करणार आहेत.

म्हणून साखर लावलेल्या मण्यांच्या नळीतून मी तुझ्या रक्तावरचं पिवळं पाणी सोडलं. प्रथिन मण्यांना छान चिकटलं. आता बाकीचं नको असलेलं नुसतं धुवून काढायचं होतं. पण आमच्या प्रयोगशाळेत गॅव्हिन नावाचा टापटिपीचा आजार आहे. प्रथिनं नासू नयेत म्हणून इथे दिसेल त्या बाटलीत ईडीटीए नावाचं औषध घालायची पद्धत आहे. चांगली पद्धत आहे, मीही घालते. फक्त ते औषध कॅल्शियम गिळतं, म्हणून माझ्या धुण्याच्या बाटलीत मी ते मुद्दाम घातलं नव्हतं. यानं प्रेमाने घातलं! मी धुतलं, पाणी मोरीत सोडलं, आणि नळीत उरले नुसते मणी. विचारलं तर म्हणतो, "तू विसरली होतीस. आभार कसले त्यात!" असल्या माणसाचं काय करावं गं? मी दुपारभर रडले.

तुझी भाची,
लोरेदाना

ता.क. दुसरा हात मोकळा आहे ना? सोमवारी ये. स्टँडवर घ्यायला येते.

ता.क. सुई टोचताना ज्याला तू "काय हलका हात आहे पोराचा! लग्न झालंय का?" म्हणालीस, तो हाच गॅव्हिन. तुझी शीर दुसऱ्या कुणाला सापडत नाही, तेव्हा त्याला मारू नकोस.

ता.क. नाही झालेलं. मी विचारून ठेवलंय.