तेलात कालवलेलं कुंकू

मास्तर, या खंडेनवमीला मी पुन्हा एकदा तुमची गोष्ट सांगितली. बदलापूरला आता माझा स्वतःचा लहानसा कारखाना आहे. लोखंडाला गंज धरू नये म्हणून मुलामा चढवायचं काम, म्हणजे तुमचंच काम, फक्त भट्ट्या आणि बिलं जास्त. पूजेच्या वेळी नव्या सुपरवायझरबाईंनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कुंकू पाण्याऐवजी तेलात का कालवता?" मग काय, मला निमित्तच हवं होतं. सगळ्यांना जमवून तुमची, त्या रेसच्या गाडीची आणि माझ्या चुकीची गोष्ट सांगितली. सगळे हसले, मग पेढे वाटले. घरी आले आणि मला चैन पडेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहायला बसले आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बी.एस्सी.चा कागद घेऊन तुमच्या अंबरनाथच्या वर्कशॉपमध्ये आले. वेल्डरच्या हातून काम सुटल्यापासून रंगाऱ्याच्या हाती जाईपर्यंतचं सगळं लोखंड तुमच्या ताब्यात असे, आणि मी तुमच्या हाताखाली. तुम्ही मला केमिस्टबाई म्हणायचात. त्यात निम्मा मान होता, निम्मी थट्टा. पहिल्याच आठवड्यात मी एक कोरा पाइप उघड्या हाताने उचलला. तुम्ही तो पाइप खिडकीत ठेवून दिलात. दोन दिवसांनी मला बोलावलंत. पाइपवर माझी चार बोटं तपकिरी उमटली होती. "बघा केमिस्टबाई, तुमची सही," म्हणालात. घामात मीठ असतं हे मला पुस्तकातून पाठ होतं, पण माझ्या हातालाही घाम येतो हे काही ध्यानात आलं नव्हतं. मग उल्हासनगरला तुमच्या घरी जेवायला आले तेव्हा स्वयंपाकघरात विळीचं पातं दाखवलंत. काकू रोज नारळ खोवून झाला की त्याला खोबरेलाचं बोट फिरवायच्या. "माझी मास्तर ही," असं तुम्ही म्हणालात आणि काकूंनी तुम्हाला लाटणं दाखवलं.

आणि मग ती फ्रेम आली. मुंबईचे कुणी हौशी गृहस्थ मद्रासला गाड्यांच्या शर्यतीत उतरायचे, त्यांच्या गाडीचा सांगाडा आमच्या शेठनी करायला घेतला. नुसत्या पाइपांचा पिंजरा. त्यांची अट एकच होती, रंग लावायचा नाही. शर्यतीत हादरे बसून सांध्याला चीर गेली तर ती उघड्या लोखंडावर लगेच दिसते, रंगाखाली लपते. म्हणजे अंबरनाथच्या हवेत, जिथे बाहेर राहिलेला खिळा दोन दिवसांत लाल होतो, तिथे ती फ्रेम महिनाभर उघडी सांभाळायची होती. तुम्ही पाइपांच्या आत जवसाचं तेल ओतून, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून, ते निथळून घेतलंत आणि भोकं बंद केलीत. वरून रोज तेलाचा हात आणि त्यावर चादर. हातमोज्यांशिवाय कुणी जवळ आलं की तुम्ही खेकसायचात. शेठनी कबूल केलं होतं की फ्रेमबरोबर मद्रासला तुम्ही जाल, शर्यत बघाल. लोखंडाला जपण्यात जन्म गेलेल्या माणसाने ते लोखंड धावताना एकदाही पाहिलं नव्हतं. तुम्ही नवा बुशशर्ट शिवून घेतलात आणि तो कसा दिसतो हे मला तीनदा विचारलंत.

खंडेनवमीला लेथला, ड्रिलला, हातोड्यांना, अगदी चहाच्या स्टोव्हलाही हळदकुंकू लागलं. फ्रेम मात्र चादरीखाली तशीच. तुम्ही शेठच्या केबिनमध्ये पूजेला गेला होतात. मला वाटलं, जिच्यावर सगळ्यांचा जीव, तिलाच कशी वगळायची? मी चादर सारली. तेलावर ओलं कुंकू धरेना. मग या केमिस्टबाईंनी काय करावं? रॉकेलच्या फडक्याने तेवढ्या जागेचं तेल पुसून काढलं, पुढच्या पाइपवर कुंकवाची ओली पाच बोटं उमटवली, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार करून चादर ओढली. मनातून मी खूश होते. दुसऱ्या दिवशी दसरा, वर्कशॉप बंद.

एकादशीला सकाळी शेठ स्वतः आले आणि चादर काढली. फूल चिकटून काळं पडलेलं, कुंकवाखाली पाचही बोटं गंजाने उठून आलेली. शेठ तीन जन्मांचा राग एकदम काढत ओरडले, "ये किसने किया? बोलो!" मी नोकरीत सहाच महिन्यांची, अजून कायम न झालेली. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, "मी. माझ्याच हातून झालं, शेठ." "तुम, मास्तर? दुनिया को हाथ लगाने नहीं देते, और खुद?" शेठनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मद्रासला वेल्डर जाईल. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात.

ते गेल्यावर तुम्ही माझ्यावर जे बरसलात ते मी जन्मात विसरणार नाही. "पूजा केलीत त्याचं काही नाही. तेल का पुसलंत?" मी रडत रडत सुचवलं, ॲसिडने काढू या. "ॲसिड सांध्यात शिरलं तर आतून खात बसेल. तिथे पुसायला कोण जाणार, तुम्ही?" मग आपण दोघांनी झिजलेल्या पॉलिशपेपरने, तेल टाकत, हलक्या हाताने दिवसभर ती पाच बोटं घासली. नख फिरवलं तर अडत नाही, इथपर्यंत. संध्याकाळी शेठनी नख फिरवून पाहिलं आणि मान हलवली. फ्रेम मद्रासला गेली. तुम्ही गेला नाहीत.

महिन्याभराने शर्यतीचा फोटो आला. गाडी चौथी आली होती. तुम्ही चष्मा पुसून तो खिडकीशी नेलात आणि विचारलंत, "गंज कुठे दिसतोय का?" त्याच दिवशी मला पितळेची छोटी डबी दिलीत, तेलात कालवलेल्या कुंकवाची. "मारुतीला शेंदूर तेलात कालवून लावतात, ते काय उगाच? पुढच्या वर्षी हे लावा." ती डबी घेताना मी म्हणाले, "मास्तर, मी सांगणारच होते हो. तुम्ही आधी बोललात." त्यावर एकदाच तुम्ही मला केमिस्टबाई म्हणाला नाहीत. "माहीत आहे गं पोरी," म्हणालात.

आज जे काही माझ्या हाताला येतं ते तुमचं आहे. माझी नोकरी टिकली ती तुमच्यामुळे, पुढे हा कारखाना उभा राहिला तोही त्यातूनच. हे मी सगळ्यांना सांगते आणि मनापासून सांगते. फक्त गोष्टीच्या शेवटी, "मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तर बोलले," असं म्हणते. याही वेळी म्हणाले. तो बुशशर्ट तुम्ही नंतर कामावरच घालून झिजवलात, तो माझ्या डोळ्यांपुढे असताना म्हणाले.

हे पत्र मी डबीखाली ठेवणार आहे, आणखी कुठे पाठवू? मी तोंड उघडणार नव्हते, मास्तर. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा तुम्ही बोलाल याचीच मी वाट बघत होते.