घंटेची हातोडी

आष्टा,
शनिवार

ती. आप्पा,

दर रविवारी तुम्ही लोणंदहून फोनवर विचारता, "शाळा काय म्हणतीया?" आणि मी "बरी चाललीय" म्हणते. खरं सांगायचं तर नववी ब मध्ये मी फळ्याकडे वळले की बाकं वाजायला लागतात. दोन वर्षांत एक धडा सलग शिकवून झालेला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर माझा तास तिथंच होता. तो सुरूच होऊ नये म्हणून मी घंटेची हातोडी उचलून पर्समध्ये टाकली. फौजेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाची मुलगी मी.

हेडसर म्हणाले, "नववी ब शिवाय दुसरं कोण असणार?" त्यांनी अख्ख्या वर्गाला तासभर उन्हात उभं केलं. पोरं पहिल्यांदाच गप्प उभी होती. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत राहिले.

काल राजीनामा आणि हातोडी, दोन्ही घेऊन हेडसरांकडे निघाले होते. वाटेत त्याच वर्गातली प्रांजल आडवी आली. सगळ्यात दंगेखोर पोरगी, पण अगदी हळू बोलली. "बाई, तुमी हातोडी घेताना मी बघितलंय. कुणाला सांगितलं न्हाई. पर आता परत ठेवू नगा. आमीच आणून ठेवली म्हणत्याल, पुन्ना उनात."

तिला एवढंही वाटलं नाही, की बाई खरं सांगतील.

मी माघारी फिरले. राजीनामा आणि हातोडी अजून पर्समध्येच आहेत. उद्या तुमचा फोन येईल. बरी चाललीय म्हणेन.

तुमची,
अंकिता