अकरा तारखेचा खण

२ जुलै, दुपार

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. भाऊजींना नमस्कार सांग. इथे सगळं ठीक आहे, गुडघा सोडून. तो जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना भांडतो. भिंगरी इथे परीक्षेला सुखरूप पोहोचली आणि पेपरही बरे गेले, हे तुला कळलं असेलच. तुझी लेक तीनच दिवस होती, पण घर असं ढवळून गेली की मला अजून चहाचा डबा सापडलेला नाही. माझे दोन चांगले शर्ट तिने "मामा, यांना आता निवृत्ती दे" म्हणत फरशी पुसायला काढले.

पाकीट जाड पाहून तू दचकली असशील. आपला पत्रव्यवहार म्हणजे वर्षातून दोनदा दोन ओळी. आम्ही ठीक, तू कसा आहेस. मी ठीक, तुम्ही कसे आहात. तुझ्या त्या दोन ओळींत तक्रार कधीच नसते. असती तर मला बरं वाटलं असतं.

भिंगरीने माझ्या कार्यालयात यायचा हट्ट धरला आणि तिथून हे सगळं सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगतो.

तू मला 'मेलेल्यांचा कारकून' म्हणायचीस. फारसं चुकीचं नव्हतं. आमच्या वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर खाली डावीकडे 'आजच्या दिवशी' अशी दहा ओळींची चौकट येते, ती मी एकतीस वर्षं भरतोय. तळघरात एक लांबलचक खोली आहे. भिंतींना लाकडी कपाटं आणि कपाटांत तीनशे सहासष्ट खण, तारखेला एक. घटनेचं कार्ड पांढरं, जन्माचं हिरवं, मृत्यूचं करडं. प्रत्येक कार्डाच्या तळाशी 'आधार' असा रकाना असतो आणि त्यात दोन वेगवेगळे पुरावे लिहिल्याशिवाय कार्ड खणात जात नाही. मी रुजू झालो तेव्हा माझे वरिष्ठ म्हणाले होते, "एक जरी खण रिकामा सापडला ना, तर मी मिशा काढीन." मी तरुण होतो, इरेला पेटलो. जेवणाच्या सुट्टीत एकेक खण उघडून पाहिला. तिथे तरी काही नसेल म्हणून एकोणतीस फेब्रुवारीचाही पाहिला. त्यात नुसती हिरवी कार्डंच सतरा निघाली. ते गृहस्थ मिशांसकट निवृत्त झाले.

हसशील, पण अजूनही खण ओढताना माझ्या अंगावर काटा येतो. एकाच तारखेला कुणी एखाद्या डोंगरमाथ्यावर पहिल्यांदा जाऊन उभं राहिलेलं असतं. कुठे पूल कोसळलेला असतो. कुठल्याशा गावात एक मुलगी जन्मलेली असते, जी पुढे धूमकेतू शोधणार असते, आणि तिच्याआधी शंभर वर्षं, त्याच दिवशी, कुणी म्हातारा गवई डोळे मिटतो. ही एकमेकांना न ओळखणारी माणसं एका वीतभर खणात अंगाला अंग लावून उभी असतात. आपण मात्र तो दिवस दात घासून, डबा भरून, छत्री विसरून काढतो. एवढ्याशा दिवसात एवढं सगळं मावतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. कळावं असंही आता वाटत नाही.

भिंगरीला अर्थात तिचाच खण हवा होता. अकरा जुलै. फरशीवर मांडी घालून बसली आणि मोठमोठ्याने वाचायला लागली. "मामा, माझ्या दिवशी एक राजा घोड्यावरून पडून मेला! लढाईत नाही, नुसता वरातीसारखा चालला होता म्हणे!" मग तिला स्वतःचं हिरवं कार्ड सापडलं. ती जन्मली त्याच महिन्यात मी ते लिहून ठेवलं होतं, छापण्यासाठी नव्हे, आपलं असंच. ती एवढी हरखली की वरच्या मजल्यावरचा शिपाई डोकावून गेला. त्या कार्डामागे आणखी एक कार्ड टाचलेलं होतं. ते तिने उलटलं आणि उजेडाकडे धरलं.

बाकी आमच्या गल्लीत नव्या नळासाठी रस्ता खणून ठेवलाय. तीन आठवडे झाले, खड्डा आहे तिथेच आहे. समोरचा न्हावी म्हणतो, आता त्यात मासे सोडू.

बघ, विषय टाळायला मला खड्डासुद्धा पुरतो. आज एवढंच.

३ जुलै, सकाळ

ते दुसरं कार्ड करडं आहे, चिमणे. बाबांचं आहे. ते अकरा जुलैच्या खणात आहे, तेराच्या नाही.

बाबा तेराला सकाळी गेले असं मी तुला सांगितलं आणि तू ते मानलंस. एक गोष्ट मात्र तू मला कधी माफ केली नाहीस. तुझं बाळंतपण झालं त्याच इमारतीत, तुझ्या खालच्याच मजल्यावर, बाबा दोन दिवस जिवंत होते, मधे एकच जिना होता, आणि मी तुला त्यांना भेटू दिलं नाही. तू दहा वेळा विचारलंस. मी दहा उत्तरं दिली. झोपलेत. डॉक्टर आत आहेत. तुझे टाके ओले आहेत. लिफ्ट बंद आहे. लिफ्ट खरंच बंद होती, तेवढं एकच खरं. "मला खुर्चीत बसवा आणि चौघांनी उचला," असं तू म्हणालीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो. ओल्या बाळंतिणीवर ओरडणारा भाऊ. तेव्हापासून आपल्या या दोन ओळी.

तू विचारत होतीस तेव्हा खाली कुणीच नव्हतं गं. पलंगावर नवी चादर घातलेली होती. बाबा अकरालाच गेले, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी.

मी हे का केलं, त्याचं एक कारण तुला सांगावं लागणार नाही. तू जन्मलीस त्या दिवशी बाबा आनंदाच्या भरात टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला विसरले आणि अर्ध्या बाजारात गुडघाभर पाणी झालं. पाणीपुरवठ्यातली त्यांची बढती त्या पाण्यात वाहून गेली. बाबा ही गोष्ट हसून हसून सांगायचे, पण आत्याने तुला पांढऱ्या पायाची ठरवलं ते कायमचं. दूध उतू गेलं तरी तुझ्याकडे बघायची. नात आली आणि आजोबा गेले, तेही एकाच दिवशी, म्हटल्यावर तिला आयतंच कोलीत मिळालं असतं. तुझ्या वाट्याला आलं ते तुझ्या लेकीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. आई केव्हाच गेली होती आणि गावी असलेल्या आत्यालाही मी तेराच तारीख कळवली. भाऊजी बोटीवर होते, त्यांना यायला आठवडा लागणार होता. बाबांचे कामावरचे दोन मित्र आणि मी, अशा तिघांनी बाराला सकाळी त्यांना पोहोचवलं. त्या दोघांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. कागदपत्रं माझ्याकडे होती. आणि तारखेच्या बाबतीत माझ्यावर कोण शंका घेणार? तोच तर माझा धंदा. तुला खोटं सांगून आलो आणि महिन्याभराने तळघरात बसून खरं कार्ड लिहिलं, कारण त्या खणात खोटं घालायला हात धजेना.

हे कारण खरं आहे. पण आत्याला जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत मला एक पत्र लिहिता आलं असतं.

भिंगरीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. कार्डावर आधाराच्या रकान्यात मी लिहिलंय: 'एक, रुग्णालयाचा दाखला. दोन, मी होतो.' तिने ते वाचलं, मग दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. स्वतःची वेळ पाहिली, त्यांची पाहिली. "अकरा चाळीस. तीन वीस." बोटांवर मोजलं. "म्हणजे मामा, आजोबा आणि मी एकाच वेळी होतो? साडेतीन तासांहून जास्त?"

मी मान हलवली.

"मग त्यांनी मला पाहिलं?"

चिमणे, हा प्रश्न मला बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. तूही नाहीस, कारण तुला उत्तर माहीत आहे असंच तू धरून चाललीस. भिंगरी म्हणाली, दर वाढदिवसाला तू बाबांच्या फोटोपुढे उभी राहतेस आणि म्हणतेस, "तुमच्या नातीचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही हो तुम्हाला."

आता ऐक.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मुलगी." ते म्हणाले, "आण."

डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं की त्यांना हलू द्यायचं नाही, मनाला धक्का नको, आनंदाचासुद्धा नको. मी वर आलो. तू औषधाच्या गुंगीत होतीस. तिथली उंच, घोगऱ्या आवाजाची परिचारिका म्हणाली, "बाळ मजल्याबाहेर जात नाही. नियम आहे." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मी आता आत जाऊन चादरी मोजतेय. पाच मिनिटं लागतील." मी तुझी लेक उचलली. ती रडत होती. मला पायऱ्या दिसत नव्हत्या, पायाने चाचपत उतरलो.

बाबांनी तिला पाहिलं. मग पाहुण्यांना म्हणायचे तसं म्हणाले, "आलात? या, या." आणि ते सरकले, चिमणे. चार दिवस ज्यांना कूस बदलता येत नव्हती, ते कोपरावर जोर देऊन आपण होऊन पलंगाच्या कडेला सरकले आणि तिच्यासाठी जागा केली. मी तिला तिथे ठेवलं. ती रडायची थांबली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी हजारो कार्डं लिहिली आहेत, पण कार्डाच्या आत काय असतं ते मला तेवढंच एकदा दिसलं. एक जण येत होता, एक जण जात होता, आणि वाटेत त्यांची गाठ पडली होती. जगात याहून मोठं काही नाही असं वाटत होतं.

तिला तुझ्या शेजारी ठेवून परत आलो, तेव्हा बाबा गेले होते. त्यांनी केलेली जागा तशीच होती.

डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "हे हलले होते का?" मी म्हटलं, "नाही."

ते माझं पहिलं खोटं. तारखेचं दुसरं. बाबांनी बाळ पाहिलं असं तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कधी, कुणी आणलं, मग काय झालं? मग मला सांगावं लागलं असतं की नको म्हटलेलं असताना मी आणलं आणि ते गेले. मी बाबांना मारलं असं मला वाटत होतं. अजूनही काही दिवशी वाटतं. आत्याचं नाव पुढे करून मी स्वतःला वाचवत होतो, आणि त्यापायी तुझी सगळ्यात मोठी ठेव दाबून बसलो.

हे सगळं ऐकून भिंगरीने दोन्ही कार्डं पुन्हा एकत्र टाचली. मग म्हणाली, "स्वतःहून सरकले?" मी हो म्हटलं. डोळे पुसत ती हसली. "मामा, त्यांनी 'आण' म्हटलं होतं ना? मग तू मारलंस कसं?" मी कार्डं खणात ठेवली. उठताना तिने दम भरला, "आईला तू लिही. अकराच्या आत. मी सांगणार नाही."

म्हणून लिहिलं. रागावायचा तुला पूर्ण हक्क आहे, आता तर जास्तच. येत्या अकराला तू रडायचं की गोडधोड करायचं, की दोन्ही, ते तुझं तू ठरव. तुझ्या वतीने मी एकदा ठरवलं तेवढं पुरे झालं.

बाबांनी तिला पाहिलं, चिमणे. नीट पाहिलं, डोळे भरून पाहिलं, आणि तिला "या" म्हणाले. फोटोपुढे ते वाक्य पुन्हा म्हणू नकोस.

तुझा अपराधी,
दादा