बुटकेपणावर इलाज

२ जून
नातीकडे राहायला आले. ऑफिसच्या आवारातच तिला क्वार्टर मिळालंय. दोन खोल्या, वर पत्रा. खिडकीतून समोर काचेचं घर दिसतं, त्यात मका लावलाय. मका काचेत आणि माणसं पत्र्याखाली. असो.
संकल्प: इथे कुणाच्याही कामात नाक खुपसायचं नाही. सुनेनं फोनवर हेच परत परत बजावलं. मी म्हटलं, मी कधी खुपसते? ती गप्प बसली. म्हणजे पटलं तिला.

४ जून
नातीला विचारलं, बाई गं, तू नेमकं करतेस तरी काय? म्हणाली, आजी, आम्ही मक्याच्या बुटकेपणावर काम करतो. ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या जुन्या घराशेजारचे डॉक्टर शुगरवर काम करायचे, माझी नात बुटकेपणावर. घराण्यातून कुणीतरी हे मनावर घ्यायलाच हवं होतं. मी बुटकी, नात थेट माझ्यावर गेलेली. मोठ्या जाऊबाई साखरेचा डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, अगं घे की हाताने. त्यांचा हात कपाटाच्या डोक्यावरची धूळ पुसायचा.
कसं करता विचारलं, तर रोपाच्या आत म्हणे लिहिलेलं असतं, कसं वाढायचं ते. त्याला जनुक म्हणतात. त्यातलं एक अक्षर ही खोडते. खोडायचा पगार! मी दुसरीपर्यंत गेले आणि खोडाखोडीपायी छड्याच खाल्ल्या. पुढे ती बरंच काही सांगत होती, पण गॅसवर दूध वर आलं होतं. मुख्य गोष्ट कळली होतीच.

९ जून
डबा घेऊन काचघरापाशी गेले. वॉचमन म्हणाला, आजी, आत जायला परवानगी नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, नियम तो नियम. मग अर्धा डबा त्यालाच वाढला. त्यानं दार उघडलं.
आत दोन रांगा. उजवीकडचा मका उंच, ऐटदार. डावीकडची रोपं माझ्यासारखी, आखूड आणि बुंध्याला जाडजूड. बिचारी. पाट्या होत्या, पण इंग्रजीत. उजवीकडच्यांना औषध लागू पडलंय आणि डावीकडच्यांना अजून गुण नाही, हे कळायला पाटी कशाला लागते?
नात डावीकडेच बसली होती, पट्टी लावून मोजत. किती छान ठेंगणी राहिलीत, असं त्यांना म्हणत होती. पेशंटसमोर डॉक्टर असंच गोड बोलतात.

१० जून
जेवताना कळलं. पुढच्या महिन्यात कमिटी येणार. मोठा पंखा लावून झाडांवर वारा सोडणार. डावी रांग नीट उभी राहिली तर नातीची नोकरी पक्की. नाहीतर करार संपला की घरी.
नेमकी आजारी रांगच परीक्षेला बसवली. वरिष्ठांना अक्कल कशी ती नाहीच. नात मात्र निवांत जेवत होती. लहान आहे अजून, काळजी करायला कुणीतरी हवं ना तिच्या वाटची.
संकल्प मोडत नाही. मदत वेगळी, नाक खुपसणं वेगळं.

१३ जून
बियाण्याच्या दुकानात गेले. झाड उंच करायचं टॉनिक द्या म्हटलं. द्राक्षाला मारतात ते निघालं, त्यानं घड लांब होतो म्हणे. मक्याला चालेल का विचारलं, तर दुकानदार हसला. मक्याची उंची वाढवून काय करणार आजी, आधीच वाऱ्यानं लोळतो तो. दुकानदार सहा फुटी. त्याला काय कळणार बुटक्याचं दुःख. बाटली घेतली, घरी येऊन इस्त्रीच्या फवाऱ्यात भरली.

१४ जून
काम सुरू. दुपारी नात मीटिंगला असते, तेव्हा जाते. वॉचमननं विचारलं काय मारता. पाणी म्हटलं. टॉनिकात पाणीच जास्त असतं, म्हणजे खोटं बोलले नाही.

२२ जून
चढली! डावी रांग चढायला लागली. पोरं दहावी पास झाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.
नात घरी आली ती थेट बाथरूममध्ये. नळ सोडून रडत होती. आनंदाश्रू. माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आई अशीच नळ सोडून रडली होती. मी दारातूनच म्हटलं, रड बाळा, मोकळी हो. ती आणखी जोरात रडली.

२५ जून
सुनेचा फोन. पोरगी झोपत नाही म्हणे. एक रांग मध्येच वाढायला लागली, खोडलेलं अक्षर परत आलं की काय कळेना, वरच्या मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या. मी सुनेला समजावलं की हाताखालच्या माणसाचं चांगलं झालं की वरच्यांना बोचतं. फार सरळ आहे माझी सून, तिला राजकारण कळत नाही.
डोस वाढवला.

१ जुलै
डावी रांग उजवीच्याही वर गेली. बुंधे जरा काडीसारखे झालेत. उंच माणसं सडपातळच असतात. मोठ्या जाऊबाई नव्हत्या का.

७ जुलै, सकाळ
आज कमिटी. ठेवणीतले कपडे घातले. कुणी विचारलं तर दोन शब्द बोलायची तयारी आहे. जाता जाता एक शेवटचा फवारा मारीन म्हणते, पानं तजेलदार दिसतील.

७ जुलै, दुपार
पंखा लावला. डावी रांग पहिल्याच झोतात आडवी. एकमेकांच्या अंगावर, चपला काढून ठेवाव्यात तशी. उजवी निदान थोडी झुंजली, मग तीही पडली.
मॅडम आडव्या पडलेल्या रांगेपाशी जाऊन वाकल्या. मग मॅडम म्हणाल्या, ही रांग बुटकी असायला हवी होती. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्या पुढे तेच म्हणाल्या. मका उंच झाला की वाऱ्यात मोडतो, म्हणून मुद्दाम बुटका करायचा, हाच सगळा खटाटोप.
कमिटीतल्या म्हाताऱ्या साहेबांनी एक पान हातात घेतलं आणि विचारलं, यावर कुणी काय मारलंय? वॉचमननं माझ्याकडे पाहिलं. फवारा माझ्या हातातच होता.
नातीनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "आजी, वर्षभर खपून मी त्यांच्यातून जे काढून टाकलं, ते तू बाटलीतून परत ओतलंस."
मी म्हटलं, "अगं, बुटकं राहायला कुणाला आवडतं?"
"मला चालतं," ती म्हणाली. "तुलाच कधी चाललं नाही."

८ जुलै
बातमी चांगली आहे. साहेब म्हणाले, झाडाला उंच करणारा रस ज्या अक्षरामुळे बनतो ते पोरीनं खोडलं, आणि टॉनिकात नेमका तोच रस असतो. त्यानं उंची परत आली, म्हणजे पोरीनं अक्षर नेमकं तेच खोडलं होतं जे खोडायला हवं. कामात चूक नाही. म्हणजे माझ्यामुळेच सिद्ध झालं की. रिपोर्टात माझं नाव घालणार का विचारलं. नात म्हणाली, नाही.
नोकरी पक्की व्हायची राहिली. ट्रायल पहिल्यापासून. करार एका हंगामापुरता वाढवलाय, पुढचं पुढे.

१० जुलै
नवीन बी पेरलं. काचघराला आणखी एक कुलूप लागलं. वॉचमनला डबा दिला तर म्हणाला, पोट भरलंय आजी. सकाळचे नऊ वाजले होते.

१२ जुलै
नातीनं मला मुलाकडचं तिकीट काढून दिलं. थोडा हवापालट होईल, म्हणाली. एकाच बाजूचं आहे. परतीचं कामाच्या गडबडीत राहिलं असेल. विचारणारच होते. पण ती माझी बॅग भरत होती, एकेक कपडा घडी मोडून पुन्हा नीट घालत. चष्मासुद्धा आठवणीनं ठेवला, गोळ्या ठेवल्या, छत्री ठेवली. काही म्हणजे काही विसरली नाही.