उतारावर लावलेली गाडी

॥ श्री ॥

भांडुप, रस्त्याच्या कडेला
दि. ९ जुलै १९८४, सोमवार, सकाळी ८ वाजून २० मिनिटे

ती. शिवदासमामांस,
भाचा जयवंत याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी बंद पडलेल्या पिकअपच्या सीटवर बसून, वही स्टीअरिंगवर टेकवून लिहीत आहे. गाडी ७ वाजून ५२ मिनिटांनी बंद पडली. मागे औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचे चाळीस खोके आहेत. मुलुंडच्या गोदामातून निघालो होतो, अंधेरीला साडेनऊपर्यंत पोचायचे होते. भीमराज मेकॅनिकला निरोप धाडला आहे. तो मुलुंडहून सायकलने येईपर्यंत दुसरे काही करण्यासारखे नाही.

मामा, इंजिनातला डिझेलचा पंप जाण्याची ही तिसरी वेळ. तुम्ही ५ फेब्रुवारीला गाडी माझ्या ताब्यात दिलीत. पहिल्यांदा पंप २१ मार्चला गेला, मग २ जूनला, आणि आज. तुम्ही कुडाळला जाईपर्यंत गाडी तुमच्याकडे बोरिवलीला अकरा वर्षे होती. पंप एकदाही उघडला नाही, असे तुम्ही सांगितले होते. मग माझ्याकडे येऊन पाच महिन्यांत तीनदा कसा जातो? मी नववीत शाळा सोडली हे खरे, पण पाढे मला येतात आणि हा हिशेब काही केल्या जमत नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज गाडी उतारावरच लावतो. आमच्या भटवाडीत सपाट जागा शोधूनही सापडत नाही, त्यामुळे त्याचा त्रास नाही. तेल बघतो, पाणी बघतो. डिझेलच्या बाबतीत तर इतकी काळजी घेतो की आई हसते.

गोदामाचे मालक शरच्चंद्रशेठ म्हणाले की १५ ऑगस्टपर्यंत बघतो, त्याआधी अजून एकदा खोके रस्त्यात राहिले तर काम दुसऱ्याला. हे काम गेले तर गाडी ठेवून उपयोग नाही. म्हणून लहान तोंडी मोठा घास घेतो. पुन्हा असे झाले तर गाडी तुम्ही परत घ्यावी आणि मी दिलेल्या बारा हजारांचे काय ते ठरवावे. राग मानू नये.

भीमराज दिसला. थांबतो. लोभ आहे, तो तरी या पंपासारखा मधेच बंद पडू नये.

आपला,
जयवंत

———

कुडाळ
१४ जुलै ८४

चि. जयवंत यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. मिनिटे लिहिलेले पत्र आमच्या घराण्यात पहिल्यांदाच आले. मामीने ते दोनदा वाचून घेतले आणि विचारले की ह्या पोराने स्टेशनमास्तर व्हायचे सोडून गाडी कशाला घेतली.

बाबा रे, गाडी म्हणजे काय कपाट की लावले भिंतीला आणि विसरलो? ती रुसते. मी अकरा वर्षे तिच्यातून मालाडचा भाजीपाला वाहिला, विटा वाहिल्या, एकदा लग्नाचे वऱ्हाड मढला नेले. पंपाला हात लावला नाही. मेल्या, तू पाच महिन्यांत तीनदा उघडलास, तर दोष उघडणाऱ्याचा की न उघडणाऱ्याचा? तुझा तो भीमराज कोण, कुठला? त्याला पंपातले कळते की नुसते पाने फिरवतो?

परत घ्यायची भाषा करू नकोस. तुझ्या बारा हजारांची कौले ह्या छपरावर चढली आहेत. ती उतरवून तुला धाडू काय?

आक्काला नमस्कार सांग. तिचे गुडघे कसे आहेत ते कळव. पंपाचेच लिहीत बसू नकोस.

तुझा,
शिवदासमामा

———

॥ श्री ॥

भटवाडी, घाटकोपर
दि. २० जुलै १९८४, शुक्रवार, संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटे

ती. मामांस,
जयवंतचा सा. न. वि. वि.

अंधेरीहून आत्ताच आलो, हातपाय धुतले आणि लिहायला बसलो. आईचे गुडघे या हवेत दुखतात, बाकी ठीक.

भीमराज मूळचा परभणीचा. बारा वर्षे एस.टी.च्या डेपोत होता. पंप तो स्वतः उघडत नाही. पंप उघडणाऱ्याचे दुकान वेगळे असते, असे त्यानेच मला पहिल्या दिवशी सांगितले. आम्ही तो साकीनाक्याजवळ नंदकिशोर यांच्याकडे नेतो. ते फक्त पंप आणि नोझलचेच काम करतात.

या वेळी मी दुकानातून हललो नाही. पंप माझ्यासमोर उघडला. आतल्या दांड्यांवर गंज होता. नंदकिशोर म्हणाले की पाणी गेले आहे. मग फिल्टर उघडला तर त्याला पांढरे तंतू गुंडाळलेले. त्यांनी एक तंतू चिमट्याने धरून उजेडात दाखवला. म्हणाले की हा सुताचा धागा आहे, या गाडीच्या टाकीत कोणीतरी कापड विसरले आहे.

मला काही समजेनासे झाले आहे. नंदकिशोर म्हणतात, कापड. भीमराज म्हणतो, पेट्रोलपंपवाला पाणी मिसळतो. आई म्हणते, दृष्ट लागली. पेट्रोलपंपवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला की इथून रोज शंभर गाड्या भरून जातात, एकटी तुझीच रडते होय?

मामा, टाकीचे झाकण मोडले असताना तुम्ही त्यात बरेच दिवस चिंधी कोंबत होता, हे तुम्हीच मला गंमत म्हणून सांगितले होते. ती चिंधी आत तर पडली नाही ना? पडली असेल आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर एवढेच म्हणतो की मला आधी सांगायला हवे होते. मी तुमचा सख्खा भाचा आहे, गिऱ्हाईक नव्हे.

पंप बसवला आहे, गाडी सध्या चालते. पण माझा विश्वास उडाला आहे. १ ऑगस्टला बुधवार आहे. त्या दिवशी गाडी तुमच्या दारात आणून लावीन आणि एस.टी.ने परत येईन. गाडीच्या बाकी किमतीचा जुलैचा हप्ता त्यामुळेच पाठवला नाही.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

जयवंत

———

कुडाळ
२५ जुलै

चि. जयवंताला रुक्मिणीमामीचे खूप खूप आशीर्वाद.

तुझ्या मामाने लिहायचे नाकारले म्हणून मी लिहिते. अक्षर वाईट, समजून घे.

तुझे पत्र वाचल्यापासून त्यांचे जेवणात लक्ष नाही. काल बांगड्याची आमटी केली, तर नुसता भात चिवडला. मी विचारले की पडली का हो ती चिंधी आत? तर माझ्यावरच ओरडले की रुक्मिणी, ती चिंधी आपल्या न्हाणीच्या भोकात अजून आहे, जाऊन बघ. मी जाऊन बघितली. आहे बाबा. लाल आहे. तुझा धागा तर पांढरा म्हणतोस.

आज सकाळी आपणहून म्हणाले, त्याला लिही की गाडी १ तारखेला आणू नको, चार दिवस थांब. आणि त्या मिनिटे मोजणाऱ्याला सांग की उठल्यापासून गाडी सुरू होईपर्यंत तू काय काय करतोस ते सगळे लिहून धाड. काही गाळू नको. तेवढे त्याला चांगले जमते, म्हणाले.

ते चांगले म्हणाले की टोचून म्हणाले ते मला कळले नाही. पण पोरा, तू गिऱ्हाईक ते लिहिलेस ना, ते त्यांना लागले. दोन माणसे एकमेकांवर रागावली की मधल्या बाईने कुणाकडे बघायचे? आक्कांना सांग, फणसाची साटे पाठवते.

माया पातळ करू नको.

तुझी मामी

———

॥ श्री ॥

मुलुंड, गोदाम
दि. ३० जुलै १९८४, सोमवार, दुपारी १ वाजून १५ मिनिटे

ती. मामांस व ती. सौ. मामीस,
जयवंतचा सा. न. वि. वि.

डबा खाऊन झाला. गोदामात माल भरत आहेत, तोवर लिहितो. चिंधी लाल आहे हे वाचून मला रात्री जेवण गेले नाही. पण मग पांढरे धागे कुणाचे, हे अजून कळत नाही. तुम्ही मागितले तसे सकाळचे काम क्रमाने लिहितो.

५.१० उठतो. ५.३० आंघोळ व पूजा. ५.४५ चहा. ५.५० गाडीकडे जातो, चारही टायरांवर हात फिरवून बघतो, मग तेलाची कांडी, मग रेडिएटरचे पाणी. ६.०० आदल्या दिवशी आणलेला वीस लिटरचा डिझेलचा कॅन काढतो. पहिल्या वेळी पंप गेला तेव्हा नंदकिशोर म्हणाले होते की डिझेलमध्ये कचरा असतो, सांभाळा. तेव्हापासून मी पेट्रोलपंपावर थेट टाकीत भरून घेतच नाही. कॅनमध्ये आणतो, तो रातभर स्थिर ठेवतो, आणि सकाळी टाकीच्या तोंडावर नरसाळे ठेवून त्यावर चौपदरी फडके धरून स्वतः गाळतो. गावी आजी विहिरीचे पाणी गाळायची तसे. एक थेंब न गाळता टाकीत जात नाही.

फडके रोज स्वच्छ असते. आदल्या दिवशीचे आई सोड्याच्या पाण्यात उकळून धुते, नाहीतर डिझेलचा वास जात नाही. या दिवसांत ते वाळत नाही, पण त्यात मला नुकसान वाटत नाही. कारण फरशी पुसताना कोरड्या फडक्यापेक्षा ओल्या फडक्याला धूळ जास्त चिकटते, हे मी बघितले आहे. म्हणून उन्हाळ्यातही मी ते भिजवून, घट्ट पिळूनच वापरत होतो. दुसऱ्यांदा पंप गेल्यावर दोनपदरीचे चौपदरी केले.

कापड चांगले मऊ आहे. तुम्ही फेब्रुवारीत आमच्याकडे विसरून गेलात ते धोतर आईने फाडून त्याचे आठ तुकडे केले. आता तीन उरले आहेत, बाकीचे झिजून गेले.

६.२० उतारावरून गाडी सोडतो. सुरू होते.

यात मला तरी चूक सापडत नाही. तुम्हाला सापडली तर कळवावी. नाही सापडली तर ५ तारखेला, रविवारी, निघतो.

नमस्कार स्वीकारावा, रागही.

जयवंत

———

तार
कुडाळ, ३ ऑगस्ट

धोतर बंद कर. निघू नको. पत्र येते. मामा.

———

कुडाळ
४ ऑगस्ट ८४

चि. जयवंत यास अनेक आशीर्वाद.

तार आली तेव्हा आक्का घाबरली असेल. तिला सांग की सगळे जिवंत आहेत, फक्त माझे धोतर गेले.

अरे शहाण्या! कोरडे डिझेल पेट्रोलपंपावर मिळत असताना त्यात रोज सोड्याचे पाणी पिळतोस आणि वर माझ्या धोतराचे सूत घालतोस? डिझेल म्हणजे आजीची विहीर नव्हे. पाण्याने पंपाच्या दांड्या गंजतात. नुसते पाणी तळाला तरी बसते, सोड्याचे डिझेलमध्ये मिसळून फिल्टरमधून पार होते. तू दोनपदरीचे चौपदरी केलेस तेव्हा दुप्पट पाणी घातलेस. पंप गेला की तू जास्त गाळायचास आणि जास्त गाळलेस की पंप जायचा. मी हसत होतो तेव्हा मामीला वाटले मला फेफरे आले.

टाकी खाली कर, तळापर्यंत. भीमराजकडून धुऊन घे, वाळव. नवा फिल्टर घाल. मग पेट्रोलपंपावर जाऊन इतर शंभर गाड्यांसारखी भरून घे. भीमराजला मी नको ते बोललो. माणूस धड आहे, आपले नव्हे ते काम दुसऱ्याकडे नेतो. त्याला माझा नमस्कार सांग.

इथपर्यंत लिहून मी पेन ठेवले होते. दोन घटका अंगणात बसलो. आता पुढचे लिहितो.

तू गिऱ्हाईक नव्हे असे लिहिलेस. ते मला झोंबले, कारण ते खरे होते. पहिल्या वेळी तू काही गाळत नव्हतास. तरी पंप गेला. तो का गेला ते मला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीपासून गाडी सकाळी धड सुरू होत नव्हती. पंप झिजला की असे होते, हे मला कळत होते. मी काय केले? बोरिवलीला घरासमोर जागा असताना लांब उतारावर गाडी लावू लागलो. ढकलली की सुरू व्हायची. आणि तुझ्या हातात चावी देताना मोठा अनुभवी असल्यासारखे सांगितले की गाडी नेहमी उतारावर लाव. तू ते वेदवाक्य धरलेस.

छपराला पैसे हवे होते. पंपाचे सांगितले असते तर तू भाव पाडला असतास, किंवा घेतलीच नसतीस. म्हणून नाही सांगितले. बहिणीच्या मुलाला नाही सांगितले. मी सांगितले असते तर पहिला पंप मीच करून दिला असता, आणि तुला ते गाळायचे वेड लागलेच नसते. तेव्हा धोतर तुझे की माझे, हे तूच ठरव.

पहिल्या दुरुस्तीचे पैसे हप्त्यातून काप. एवढे करूनही गाडी परत द्यायची असेल तर आण. मी कौले विकीन, पण नाही म्हणणार नाही.

मामीला हे सगळे वाचून दाखवले.

तुझा,
शिवदास

———

॥ श्री ॥

भटवाडी, घाटकोपर
दि. १२ ऑगस्ट १९८४, रविवार, सकाळी ९ वाजून ५ मिनिटे

ती. मामांस,
भाचा जयवंत याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आत्ता गाडी धुऊन वर आलो. आई साटे खात तुमचे पत्र तिसऱ्यांदा ऐकत आहे. तार आली तेव्हा ती रडायला लागली होती. मी वाचून दाखवल्यावर म्हणाली की धोतरासाठी कोणी तार करते काय, शिवदास लहानपणापासून कंजूष.

टाकी खाली केली. तळाला वाटीभर पांढरट, साबणासारखे पाणी आणि सुताचा एक गोळा निघाला. भीमराजने तो गोळा बोटांनी उलगडून पाहिला. मग म्हणाला की जयवंत, तू हे मला कधीच का सांगितले नाहीस? मी म्हणालो की तू विचारले नाहीस. तो म्हणाला, डिझेलला कोणी लुगडे नेसवते का, हे मी कसे विचारणार? तुमचा नमस्कार सांगितला, तेव्हा तो लाजला.

त्यानंतर पाच दिवस, अकरा खेपा झाल्या. शरच्चंद्रशेठ काही म्हणत नाहीत, म्हणजे खूश असावेत.

तुमच्या पत्रातला शेवटचा भाग मी आईला वाचून दाखवलेला नाही. तेवढा एकच मी गाळला. मला आधी राग आला, मग तुम्ही लांब उतारापर्यंत रोज चालत जात असाल ते डोळ्यांपुढे आले, आणि मग काय वाटले ते नीट लिहिता येत नाही. चूक निम्मी निम्मी धरू. गाडी मी ठेवतो.

काल सकाळी एक प्रयोग केला. गाडी भटवाडीच्या खाली, शाळेजवळ सपाट जागेवर लावली होती. चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू झाली. गणपतीला आईला घेऊन गाडीनेच येतो. दाराशी सपाट जागा मोकळी ठेवावी.

हिशेब खालीलप्रमाणे. चूक आढळल्यास कळवावी.

पहिला पंप, ७८० रुपये: मामांकडे.
दुसरा पंप, ५४० रुपये: माझ्याकडे.
तिसरा पंप, ८६५ रुपये: माझ्याकडे.
टाकी धुणे व फिल्टर, ७० रुपये: माझ्याकडे. भीमराजने मजुरी घेतली नाही.
गाडीची ठरलेली किंमत २२,०००. रोख दिले १२,०००. चार हप्त्यांचे २,०००. पहिल्या पंपाचे वजा ७८०. मामांना देणे बाकी ७,२२०. जुलैचा हप्ता उद्या मनिऑर्डरने.
नवे धोतर एक, ३४ रुपये: सोबत आणतो. आईला अजून दाखवलेले नाही.

आपला,
जयवंत