मंगळवारची गाडी

प्रिय समृद्धी,

'प्रिय' लिहून थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं. मग म्हटलं, राहू दे. चार वर्षं माझ्या चुलीपुढे बसून तू नाचणीची भाकरी खाल्लीस, तेवढ्यासाठी राहू दे. तब्येत कशी आहे, हे विचारत नाही. मॅनेजर झाल्यापासून फोटोत छान दिसतेस.

मढच्या वरच्या आमच्या वाडीत तुमचा फिरता दवाखाना पहिल्यांदा आला, तेव्हा तू नर्स होतीस. गाडीतून उतरलीस आणि पहिल्याच बाईला सगळ्यांदेखत विचारलंस, "कितवा महिना?" ती जी पळाली, ती दोन महिने दिसली नाही. आमच्याकडे पाच महिने होईपर्यंत पोटातली गोष्ट कुणी ओठांवर आणत नाही, दृष्ट लागते. मी वाडीची आशा सेविका, दहावी पास. मी तुला शिकवलं, महिना विचारू नकोस, भात शिजतानाचा वास खपतो का, एवढंच विचार. नाकाला पदर गेला की वहीत नाव घाल. त्या प्रश्नावर तू पुण्यात भाषण केलंस म्हणे, पडद्यावर चित्रं दाखवून. त्यात माझं नाव 'स्थानिक महिला' असं होतं. चालायचं. चूल तरी माझीच होती.

पण झुंबरबाईचं काय करू, ते सांग. वाडीतली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली. बाळंतपणं सोड म्हणून मी वर्षभर तिच्या उंबऱ्यावर बसले. शेवटी म्हातारी म्हणाली, "बरं बाई, तुजी गाडी शानी, मी येडी. पर गाडी न्हाई आली, तर मी तुला धरीन, गाडीला न्हाई." मी हसले. तूही हसलीस, माझ्या शेजारीच बसली होतीस.

तिची सून भागू. आजीचं नाव ठेवलेली, बावीस वर्षांची पोर. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. सोमवारी तिचा नवरा मोहित जुन्नरला न्यायला जीप घेऊन आला. मीच आडवी आले. म्हटलं, उद्या मंगळवार, गाडीचा दिवस. डॉक्टर दारात येतोय, तर पोरीला खड्ड्यांतून कशाला हिंदकळवता? तरी खात्रीसाठी, रेंज मिळते त्या खडकावर चढून तुला फोन केला. भागूचे पाय, डोकं, सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "हो मावशी, येतोच आहोत." मी जीप परत पाठवली. मी. माझ्या तोंडाने.

मंगळवारी नऊपासून भागू शाळेच्या ओट्यावर बसली. तीन वाजता मोहित म्हणाला, "मावशे, गाडीला काय वरात आडवी आली का?" चारला भागूला झटके सुरू झाले. जीप शोधून जुन्नर गाठेपर्यंत दिवस बुडाला. भागू वाचली. पोटातली मुलगी गेली.

दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्या मोबाइलला रेंज आली आणि ग्रुपवरचे फोटो टपाटपा पडले. आमची गाडी पेठला, हायवेच्या कडेला, फुगे लावून. देणगीदार पाव्हणे, नारळ, आणि मधोमध तू. पेठला म्हणजे, जिथे खडा भिरकावला तरी एखाद्या डॉक्टरच्या पाटीला लागेल तिथे. बरोबरच आहे. पाव्हण्यांना वळणाच्या रस्त्यावर उलट्या होतात. आमच्या बायकांना होतात त्या वेगळ्या.

ड्रायव्हर हौशीरामला गाठलं. मान खाली घालून म्हणाला, "आठ दिस आधीच ठरलं व्हतं, मावशी. मॅडम म्हनल्या, वाडीत कळवू नका, उगं बायका बोंबलतील."

अगं, बोंबललो असतो ना! बोंबलत बोंबलत जीपमध्ये बसलो असतो.

झुंबरबाईने मला धरलं नाही. पाणवठ्यावर दिसले की हंडा घेऊन वाट बदलते. चार शिव्या दिल्या असत्या, तर मला घास तरी गिळता आला असता.

आणि काल तुझा माणूस कागद घेऊन आला. तालुक्याहून चौकशी लागलीय म्हणाला. कागदावर छापून तयार: गाडी ठरल्या दिवशी वाडीत आली होती, भागू तपासणीला आली नाही. खाली माझं नाव, सहीला जागा. सोबत तुझ्या हातची चिठ्ठी, 'मावशी, एवढं सांभाळून घ्या.' माझ्या सहीने तू त्या पोरीला खोटी पाडायला निघालीस, समृद्धी. सही केलेली नाही. परवा अकरा वाजता भागूला आणि मोहितला घेऊन मी जुन्नरला आरोग्य अधिकाऱ्यांपुढे जाते आहे. जीप मी परत पाठवली, हे आधी सांगेन. माझं काम जायचं असेल तर जाऊ दे. मग तुझा सोमवारचा फोन सांगेन. हे पत्र उद्याच तुझ्या हातात पडावं म्हणून हौशीरामकडे देते आहे. मी काय करणार, ते तुला वेळेत कळायला हवं. वेळेत कळलं नाही की काय होतं, ते मी त्या बाकड्यावर बसून पाहिलं आहे.

तुझी, परवापर्यंत मावशी असलेली,
मंगल