तुमच्या कॉल साइनवर माझा आवाज

बाबा,

तुमचा सेट मी दिला नाही. परवा अमरावतीहून हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचे दोघे जण अकोल्याला माझ्या घरी आले होते. तुमचा सेट त्यांना काचेच्या कपाटात ठेवायचा होता आणि खाली लावायला तुमच्या नावाची पितळी पाटी त्यांनी आधीच करून आणली होती. त्या पावसाळ्यात या यंत्रावरून निरोप पोचवून तुम्ही सात जीव वाचवले, असं तिच्यावर कोरलं होतं. मी ती दोनदा वाचली आणि त्यांच्या हातात परत दिली. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं उलटली, तरी तुम्ही सांगितलेलं खोटं अजून लोक घासूनपुसून चकचकीत करताहेत. तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर एवढं लांब कधी बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

तो सेट तुम्ही मुंबईच्या एका म्हाताऱ्या हौशी माणसाकडून जुनाच घेतला, तेव्हा मी दुसरीत होते. आईच्या गोधडीत गुंडाळून तुम्ही तो रेल्वेने आणला. बडनेऱ्याहून अमरावतीला घरी येताना रिक्षात तो तुमच्या मांडीवर आणि मी खाली तुमच्या पायाशी. गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत तुम्ही तो मांडलात, कडुनिंबापासून समोरच्या बांबूपर्यंत तार ओढलीत, आणि त्या दिवसापासून ती खोली आमची राहिली नाही. राखाडी पत्र्याची पेटी, पुढे मोठी तबकडी, आत दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह. सुरू केला की पाच मिनिटं तापू द्यायचा, मग तापलेल्या धुळीचा वास यायचा. बोलण्याआधी बटण फिरवून मीटरची सुई सगळ्यात खाली येईल तिथे धरायची, तेही दहा सेकंदांच्या आत, नाहीतर व्हॉल्व्ह जळतो. हे तुम्ही मला शिकवलं नाही. चहाचा कप ठेवायला मी वर यायचे आणि परत जाताना दारात जरा जास्त रेंगाळायचे, तेवढ्यात मी शिकले. मोर्सची कट्टकडकट्ट तर खाली स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता कानात बसली. जपानच्या, रशियाच्या माणसांना तुम्ही किती अदबीने विचारायचात, तब्येत कशी आहे, तिकडे थंडी किती आहे. आई चार दिवस तापाने पडली होती तेव्हा तुम्ही तिला एवढंच विचारलंत, "सयपाक कोन करून राह्यलं?"

सोळाव्या वर्षी मी सेट चालवायच्या लायसनच्या परीक्षेचा अर्ज आणला. अठराच्या आतल्यांना पालकांची सही लागत होती. तुम्ही अर्ज वाचला, मोठ्याने हसलात. "पोरीच्या जातीले काय करा लागते हे? नवरा तुले गच्चीवर तार बांधू देईन काय?" आणि अर्जावर चहाचा कप ठेवलात. तो गोल डाग पडलेला अर्ज मी पुढे कितीतरी वर्षं वहीत ठेवला होता.

मग तो पावसाळा आला. त्या वर्षी कपाशीवर अळी एवढी होती की लोक दोन-तीन औषधं एकाच डब्यात कालवून फवारत होते. एका औषधाने अळी मरत नव्हती, म्हणून दुकानदार जे देईल ते त्यात ओतायचं. कपाशीची पऱ्हाटी डोक्याइतकी उंच वाढलेली, तिच्यात पाठीवर पंप घेऊन मजूर शिरायचे, ना तोंडाला फडकं ना हातात मोजे. दोन दिवसांची उघडीप मिळाली तशी सगळ्यांनी फवारणी उरकून घेतली आणि तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळायला लागला. चांदूर बाजारकडच्या एका गावात तुमचे दोस्त गुरुजी होते. प्राथमिक शाळेत शिकवायचे, त्यांच्याकडेही तुमच्यासारखंच लायसन होतं, आणि रोज सकाळी आठला तुम्ही दोघं सेटवर बोलायचात. तुम्ही रेल्वेच्या सिग्नल खात्यात; त्या दिवशी सिग्नल बंद पडले म्हणून तुम्हाला पहाटेच बडनेऱ्याला बोलावून घेतलं होतं. आई बाजारात गेली होती. तुम्ही नसलात की मी चोरून सेट लावून ऐकत असे, तसा लावला. गुरुजी तुमची कॉल साइन, लायसनवरचं ते अक्षर-आकड्यांचं नाव, पुन्हा पुन्हा पुकारत होते.

"कोनी आयकून राह्यलं काय? गावात सात जन पडले हायेत. फवारनीचं औषध चढलं. तोंडाले फेस येऊन राह्यला. डॉक्टर हाये, पन त्याच्यापाशी इंजेक्शनं संपले. फोन बंद, बस बंद. कोनी आयकून राह्यलं काय?"

मी वाट पाहिली, बाबा. दुसरं कुणीतरी उत्तर देईल म्हणून खरंच वाट पाहिली. कुणी दिलं नाही. मग मी बटणाला हात घातला. हात थरथरत होते, पहिल्यांदा सुई पुढे निघून गेली, जळल्यासारखा वास आला. दुसऱ्यांदा जमलं. माइक दाबला आणि तुमची कॉल साइन सांगितली. मग गुरुजी म्हणाले, "पोरी, तू हायेस? बाबा कुठी हायेत?"

"ड्यूटीवर गेले. तुमी सांगा, मी लिहून घेतो."

त्यांनी इंजेक्शनचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं, किती लागतील ते सांगितलं, जीप नदीवरच्या कोणत्या रपट्यापर्यंत येईल ते सांगितलं. मी सगळं परत वाचून दाखवलं. वही पोलक्यात खुपसून सायकलवर सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओल्या कागदाकडे. कुठल्याही पोरीला ते नाव मनानेच असं बिनचूक लिहिता येणार नाही, हे त्यांना पटलं असावं. अर्ध्या तासात इंजेक्शनांचं खोकं घेऊन जीप निघाली. मी परत येऊन सेटपुढे बसले आणि गुरुजींना कळवलं. रपट्यावरून पाणी चाललं होतं. गावच्या दोघांनी खोकं डोक्याला बांधून पोहत पलीकडे नेलं. आई मध्ये येऊन दारात उभी राहिली, माझ्यापुढे ताट ठेवून गेली. तीनच्या सुमारास गुरुजींचा आवाज आला, "पाच जन शुद्धीवर आले पोरी. दोघं गेले." गेलेल्यांतली एक माझ्याच वयाची होती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी तुम्ही आलात. सगळं ऐकण्याआधीच तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. "काहून हात लावला? लायसन माहं हाये! बिनलायसनच्या पोट्टीनं सेट चालवला हे कळलं त माही नोकरी जाईन, समजते काय तुले?" मी रडले नाही. मग तुम्ही हात धुऊन जेवायला बसलात आणि म्हणालात, सांग बरं, काय काय झालं. मी सांगितलं. तुम्ही मध्ये मध्ये प्रश्न विचारलेत, सुई किती पुढे गेली, गुरुजी नेमकं काय म्हणाले, डॉक्टर काय बोलला. मला वाटलं, तुम्हाला अभिमान वाटतो आहे आणि दाखवता येत नाही. बाबा, मी तुम्हाला त्या जेवणात सगळंच्या सगळं देऊन टाकलं.

दोन महिन्यांनी तो निरोप पोचवल्याबद्दल तुमचा सत्कार झाला. मी आईशेजारी तिसऱ्या रांगेत होते. शाल, श्रीफळ, हार, आणि मग तुमचं भाषण. ड्यूटीवर निघायच्या आधी सहज सेट लावला, म्हणालात. "खरं सांगतो, माझे हात थरथरत होते. पहिल्यांदा सुई पुढे निघून गेली." माझे हात, बाबा. तुम्ही माझं काम घेतलंत ते एकवेळ समजलं असतं, भीती होती म्हणालात, नोकरी होती म्हणालात. पण माझ्या हातांची थरथर कशाला घेतलीत? ती सांगितली नसती तर तुमची नोकरी जाणार होती? आणि शेवटी म्हणालात, "सात जीव वाचले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी मंचावरच होते, त्यांनी मान खाली घातली. पाचपेक्षा सात ऐकायला बरं वाटतं म्हणून तुम्ही दोन मेलेली माणसं जिवंत केलीत. आईने माझं मनगट एवढं घट्ट दाबून धरलं होतं की बांगडी फुटली. घरी आल्यावर ती चुलीपाशी म्हणाली, "गप राय माय. त्यायले आता मागं फिरता येत नाही." मला तिचाही राग आला. तिच्यावरचा राग पुढे गेला, तुमच्यावरचा गेला नाही.

दिवाळीनंतर त्या गावची एक बाई घरी आली. वाचलेल्या पाचांतली. पिशवीत तुरीच्या हिरव्या शेंगा आणल्या होत्या. तुमच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, "माही जाऊ गेली बाप्पा, पन मी हाये तुमच्यानं." तुम्ही पाय मागे घेतले नाहीत. "देवाची इच्छा," म्हणालात. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि लगेच शेंगांकडे पाहिलंत. ती गेल्यावर मी तुम्हाला पुन्हा अर्जावर सही मागितली. तुम्ही म्हणालात, "आता त नाहीच. तू परीक्षा देशीन, मंग लोक इचारतीन, या पोट्टीले कवापासून येते हे?" खोलीला दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. अठरा पूर्ण झाल्यावर सही लागणार नव्हती, पण सेटशिवाय मोर्सचा हात कुठे बसवायचा? एकविसाव्या वर्षी लग्न होऊन मी अकोल्याला आले. आणि माझ्या नवऱ्याने, तुम्ही पाहायला नव्हतात, गच्चीवर तार स्वतः बांधून दिली.

पण ते फार नंतर. तुम्ही गेल्यावर सात वर्षं मी सेटवरचं कापडच काढलं नाही. काढलं तेव्हा तो सुरू होईना. इथे जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे हातगाडीवर घालून नेला. त्यांनी पत्रा उघडला, आत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बेटी, कौन चलाता था इसको?" मी म्हणाले, मी. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी म्हणत होते. "कंडेन्सर सगळे फुगले हायेत," ते म्हणाले, "बाकी काही नाही झालं. बसून बसून खराब होते मशीन." महिनाभर मी त्यांच्या दुकानात जाऊन बसले, कथिलाचा डाग देऊन तारा जोडायला शिकले, अर्धे कंडेन्सर मी स्वतः बदलले. सदतिसाव्या वर्षी परीक्षा दिली. मोर्स घेणारे अधिकारी म्हणाले, एवढा हात कुठे बसला? मी त्यांना ती सकाळ सांगितली आणि विचारलं, तेव्हा कळलं असतं तर माझ्या बाबांचं लायसन गेलं असतं का? ते हसले. "ताई, माणसं मरत असताना लायसन कोण पाहतं? आम्ही उलट तुम्हालाच शाबासकीचं पत्र दिलं असतं." मी बाहेर येऊन पायरीवर बसले. एवढी वर्षं मी निदान तुमच्या भीतीवर तरी विश्वास ठेवला होता.

परवा त्या दोघांना मी हे सगळं सांगितलं. पहिल्यांदा पूर्ण, कुणाला न घाबरता. त्यांतल्या धाकट्याने चहा संपवून विचारलं, "मॅडम, काही पुरावा आहे का?" गुरुजी गेले, आई गेली, दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पत्ता नाही. मी म्हणाले, पुरावा नाही. माझं नाव नका लिहू, पण सातातले दोघं मेले होते, तेवढं तरी खरं लिहा. तो म्हणाला, "पाटी आता झाली आहे, मॅडम." सेटला मी त्यांना हात लावू दिला नाही. पाटी घेऊन ते पाच वाजताच्या बसने परत गेले. सेट नसला तरी पाटी ते कुठेतरी लावतीलच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, माझ्या लॉगबुकात, सेटच्या नोंदवहीत राहील. पण तुमच्यावर एवढं लिहिलं, तर माझंही एक लिहायला हवं. अर्धांगवायू झाल्यावर मी तुम्हाला इथे आणलं, सेटही बरोबर आणला. तुम्ही पलंगावरून वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणायचात, "सेट लाव नं." मी सांगितलं, व्हॉल्व्ह उडाला, आता मिळत नाही. तुम्ही दर आठवड्याला विचारायचात, "व्हॉल्व्ह भेटला काय?" मी म्हणायचे, शोधून राहिली आहे बाबा. तीन महिने विचारलंत, मग तुम्ही गेलात. बाबा, व्हॉल्व्हला काही झालं नव्हतं. तुम्ही दुपारी झोपलात की पलीकडच्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून, मी रोज ऐकत होते.